तो बोलत का नाही?

नोव्हेंबरातली दुपार. सात जणांचा घोळका लांबवर पायी फिरून परत निघालाय आणि ॲन इलियट दमली आहे. तिनं तसं कुणाला सांगितलेलं नाही. सांगणाऱ्यांतली ती नव्हेच. तेवढ्यात ॲडमिरल क्रॉफ्ट आणि त्यांची बायको छोट्या घोडागाडीतून येतात. कुणी फार दमलं असेल तर एकीला जागा आहे, म्हणतात. सगळ्या जणी नको नको म्हणतात. गाडी हलणार, एवढ्यात कॅप्टन वेंटवर्थ कुंपण ओलांडून गाडीपाशी जातो आणि ॲडमिरलच्या बायकोशी काहीतरी बोलतो. ती त्याची सख्खी बहीण. काय बोलला, ते लेखिका सांगत नाही. पण लगेच बहीण ॲनला आग्रह करायला लागते, आणि ॲन काही म्हणेपर्यंत वेंटवर्थनं तिला आधार देऊन गाडीत चढवलेलंही असतं. तोंडातून एक शब्द नाही.

जेन ऑस्टिनच्या ‘पर्सुएशन’मधला हा प्रसंग. आठ वर्षांपूर्वी या दोघांचं लग्न ठरलं होतं. मुलाकडे पैसा नाही, भरवसा नाही, असं आईच्या जागी असलेल्या बाईनं समजावलं आणि 19 वर्षांच्या ॲननं ते मोडलं. आता तो नौदलात नाव आणि पैसा कमावून परतलाय. दुसऱ्या मुलींशी हसूनखेळून वागतो. हिच्याशी मात्र कोरडं सौजन्य, त्यापलीकडे काही नाही. राग गेलेला नाही. आणि तरी ही दमलीय, हे त्या घोळक्यात फक्त त्याच्या लक्षात आलं. पुढची शंभरेक पानं वाचकानं याच एका गोष्टीच्या आधारावर काढायची असतात.

अशा कादंबऱ्यांचा आज जगभर वेगळा वाचकवर्ग आहे. काळ जुना, बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंड. शेजघराचं दार वाचकाला बंद. आणि नायक मनातलं ओठावर न आणणारा. इंग्रजी बाजारात यांना ‘क्लीन’ म्हणतात. हे लेबल लावायची वेळ तशी अलीकडे आली. 1972 साली अमेरिकेत कॅथलीन वुडीविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ आली, भरपूर खपली, आणि ऐतिहासिक प्रेमकथेत शृंगाराची उघड वर्णनं हा रिवाजच होऊन बसला. नेटफ्लिक्सवर ‘ब्रिजर्टन’ पाहिलेल्यांना तो रिवाज सांगायला नको. मग ज्यांना तो नको होता, त्यांनी जुन्या वाटेला वेगळं नाव दिलं. माझ्या मते या पुस्तकांची खरी गंमत दार बंद असण्यात नाहीच. दार बंद ठेवून लिहिलेल्या रटाळ कादंबऱ्या ढिगानं आहेत. गंमत त्या न बोलणाऱ्या माणसात आहे, आणि तो का बोलत नाही हे कळलं तर ती दुप्पट होते.

आपल्याला वाटतं, हा स्वभावाचा भाग. काही अंशी असेलही. पण त्या काळच्या इंग्लंडात खालच्या उमरावांतल्या किंवा जमीनदार घरातल्या तरुणाला तोंड उघडणं महाग पडायचं, ते अगदी व्यवहाराच्या अर्थानं. त्यानं मुलीला मागणी घातली आणि तिनं हो म्हटलं की त्याला माघार नसे. मुलगी विचार बदलू शकत होती. थोडी कुजबुज व्हायची, मग विषय संपायचा. पुरुषानं शब्द फिरवला तर त्याची अब्रू जायची, वर कोर्टात वचनभंगाचा दावा होऊन नुकसानभरपाई द्यावी लागायची ती वेगळी. हा दावा लावायची सोय इंग्लंडच्या कायद्यात 1970 पर्यंत शिल्लक होती! ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मधला एडवर्ड फेरर्स याच सापळ्यात अडकलाय. विशीच्या आतबाहेर असताना लूसी स्टील नावाच्या मुलीला शब्द देऊन बसला. आता मन एलिनॉरकडे आहे, पण ते तिला सांगायचा अधिकार त्याला नाही. तो बावळट वाटतो, कुढा वाटतो. खरं तर तो दिलेला शब्द पाळतोय.

पत्राचंही तसंच. लग्न न ठरलेल्या मुला-मुलीनं एकमेकांना पत्र लिहायचं नाही, असा दंडक. पत्र चालू आहे म्हणजे आतून ठरलंय, असाच अर्थ लोक काढत. एलिनॉरची धाकटी बहीण मेरिॲन विलोबी नावाच्या तरुणाला पत्रं लिहिते, त्यावरून एलिनॉरचाही तोच समज होतो. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला डार्सी आपलं सुप्रसिद्ध लांबलचक पत्र टपालात टाकत नाही, बागेत एलिझाबेथची वाट पाहत थांबतो आणि हातात देऊन निघून जातो, त्यामागे हा दंडक आहे. टपालानं पत्र आलं असतं तर घरात सगळ्यांना कळलं असतं. नाचाला गेलं तर एकाच मुलीबरोबर फार तर दोन जोड्या नाचायच्या, हातात मोजे घालून. त्याहून जास्त नाचलात की चर्चा. वॉल्ट्झमध्ये पुरुषाचा हात बाईच्या कमरेवर येतो म्हणून 1816 साली ‘द टाइम्स’नं चक्क अग्रलेखातून नापसंती कळवली होती. अशा जगात एखाद्यानं कुणाला हात धरून गाडीत चढवणं म्हणजे काय, याचा हिशेब वाचकानं आपल्या नव्हे, त्यांच्या काट्यावर करायला हवा.

मुलीच्या बाजूनं धोका याहून मोठा होता. लग्न झालं की कायद्याच्या दृष्टीनं बायको वेगळी व्यक्ती उरत नसे. तिचा रोख पैसा नवऱ्याचा, कमाई नवऱ्याची. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा पुरेसा हक्क 1870 आणि 1882 च्या कायद्यांनी मिळाला. ऑस्टिनच्या काळी घटस्फोटही जवळजवळ अशक्यच. म्हणजे नवऱ्याची निवड हा जन्माचा जुगार, आणि पारख करायला मिळणार काय, तर चार नाच, दोन जेवणं, एखादी सहल, तीही चारचौघांत. मग माणूस ओळखायचा कसा? ऑस्टिनचं उत्तर एकच आहे: तो काय बोलतो ते ऐकू नका, काय करतो ते बघा. तिच्या कादंबऱ्यांतले बोलघेवडे तरुण बहुतेक खोटे निघतात. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला विकम पहिल्या ओळखीतच स्वतःची सगळी कर्मकहाणी सांगून मोकळा होतो. विलोबी भडाभडा बोलतो. ‘एमा’मधला फ्रँक चर्चिल अख्ख्या गावाला बोलून खूश ठेवतो आणि स्वतःचं ठरलेलं लग्न मात्र लपवतो. उलट एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया विकमबरोबर पळून जाते तेव्हा डार्सी विकमची कर्जं फेडतो, तिच्या नावावर पैसे ठेवतो, विकमला सैन्यात जागा विकत घेऊन देतो, आणि हे एलिझाबेथला कळू नये अशी व्यवस्थाही करतो. कळतं ते दुसऱ्याच्या तोंडून.

पण कृती वाचणं सोपं असतं असंही ऑस्टिन म्हणत नाही, आणि तिथंच ती साध्या प्रेमकथा लिहिणाऱ्यांच्या पुढे जाते. ‘एमा’मधला नाइटली सहसा गाडी न जुंपणारा माणूस. एका संध्याकाळी तो गाडी काढतो आणि गरीब मिस बेट्सना आणि त्यांच्या भाचीला, जेन फेअरफॅक्सला, मेजवानीला घेऊन येतो. घरातली उरलीसुरली सफरचंदंही त्यांच्याकडे पाठवून देतो. मिसेस वेस्टन ही शहाणी, संसारी बाई. ती गाडीच्या त्या प्रसंगावरून निष्कर्ष काढते की याचं जेनवर मन आहे. एमा हादरते. निष्कर्ष साफ चुकलेला असतो. नाइटली फक्त भला माणूस असतो. पण चुकलेल्या निष्कर्षानं एमाला आपल्याच मनाची पहिली चुणूक मिळते, अर्थात तिला ती लगेच कळत नाही. अबोल माणसाच्या भोवती असे अंदाजांचे खेळ चालतात आणि वाचकही त्यात एक भिडू असतो.

हे जमतं ते निवेदनाच्या एका युक्तीमुळे. ऑस्टिन बहुतेक वेळ नायिकेच्या खांद्यावर बसून बघते. नायकाच्या डोक्यात आपल्याला फारसं शिरता येत नाही. त्याचा चेहरा लाल झाला, तो खिडकीपाशी गेला, त्यानं वर्तमानपत्र उचललं, एवढंच दिसतं. ‘पर्सुएशन’ दुसऱ्यांदा वाचली की वेंटवर्थची प्रत्येक हालचाल वेगळी दिसते. पहिल्यांदा जो तुसडेपणा वाटला, तो स्वतःला सांभाळण्याचा आटापिटा असतो.

त्या कादंबरीच्या शेवटाची हकीकत तर लेखन शिकणाऱ्यानं जरूर बघावी अशी आहे. ऑस्टिननं ती जुलै 1816 मध्ये पूर्ण केली. त्या पहिल्या खर्ड्यात वेंटवर्थला ॲनकडे एक अवघड निरोप घेऊन जावं लागतं, त्यातून दोघांचं बोलणं होतं आणि गैरसमज फिटतात. तिला ते पटलं नाही. ऑगस्टपर्यंत तिनं तो भाग काढून नवी प्रकरणं लिहिली. नव्या शेवटात बाथ शहरातल्या एका हॉटेलच्या खोलीत बरीच माणसं आहेत. वेंटवर्थ मेजावर दुसऱ्याच कामाचं पत्र लिहितोय. ॲन त्याच्या मित्राशी वाद घालतेय: प्रेम जास्त काळ कोण जपतं, पुरुष की बाई? ते त्याच्या कानावर पडतं. आणि तो, भर माणसांत, आवाज न करता, दुसऱ्या कागदावर तिला पत्र लिहायला घेतो. न बोलणाऱ्या माणसाला लेखिकेनं शेवटी बोलतं केलं, ते त्याच्या स्वभावाला न सोडता. टाकून दिलेली प्रकरणं ऑस्टिनच्या हस्ताक्षरात ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिच्या छापून आलेल्या कादंबऱ्यांपैकी मूळ हस्तलिखित म्हणून आज एवढंच काय ते उरलं आहे.

कादंबरी बाहेर पडली तेव्हा ऑस्टिन हयात नव्हती. जुलै 1817 मध्ये ती गेली. पुस्तक आलं त्याच वर्षाच्या डिसेंबरात. आपल्याकडे नोव्हेंबरात खडकीची लढाई होऊन शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला होता, आणि डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. लंडनच्या वाचकांना वेंटवर्थचं लग्न जुळताना दिसत होतं, तेव्हा दुसरा बाजीराव पुढं इंग्रज मागं अशी पळापळ सुरू होती. हा निव्वळ तारखांचा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण या कादंबऱ्यांतल्या शांत दिवाणखान्यांचा आणि आपला संबंध याहून घट्ट आहे. त्याकडे येऊच.

ऑस्टिन आपल्याच काळाबद्दल लिहीत होती. तिचा काळ ‘ऐतिहासिक’ करून त्यावर प्रेमकथेचा एक अख्खा प्रकार उभा केला तो जॉर्जेट हेयर यांनी. जन्म 1902, विम्बल्डनचा. आजारी भावाचं मन रमावं म्हणून रचलेली गोष्ट 1921 मध्ये ‘द ब्लॅक मॉथ’ नावानं छापून आली, आणि 1974 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या लिहीत राहिल्या. 1811 ते 1820 हा इंग्लंडचा रीजन्सी काळ. राजाला वेड लागलं म्हणून मुलगा त्याच्या नावानं कारभार बघत होता. तो काळ हेयरबाईंनी असा काही आत्मसात केला, की आज या प्रकारात लिहिणारे मूळ साधनांआधी त्यांच्याच कादंबऱ्या धुंडाळतात. कपडे, गाड्या, किमती, बोलीतले शब्द यांच्या वह्याच्या वह्या. घरी हजाराहून अधिक संदर्भग्रंथ. वॉटर्लू जिंकणाऱ्या सेनापती वेलिंग्टनच्या तोंडची भाषा साधावी म्हणून त्याचं एक अस्सल पत्रही त्यांनी विकत घेतलं होतं. आणि स्वतः कशा, तर मुलाखत नाही, जाहीर भाषण नाही. लग्नानंतरचं त्यांचं नाव मिसेस रूजियर होतं, हे बहुतेक वाचकांना मृत्युलेखांतून कळलं. नायक कुठून आले याचा अंदाज बांधायला हरकत नाही. चाहत्यांची पत्रं त्या ठेवत नसत. ठेवलं ते एकच. रुमानियात राजकीय कैदी म्हणून 12 वर्षं काढलेल्या एका बाईचं. तुरुंगात ती सोबतिणींना हेयरबाईंच्या ‘फ्रायडेज चाइल्ड’ची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असे.

त्यांच्या कादंबऱ्यांतली या विषयासाठी मी पुढे करीन ती ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’, 1961 सालची. हेयरबाईंच्या चमचमत्या, खुसखुशीत कादंबऱ्यांना चटावलेल्या वाचकांना ती पहिल्यांदा फिकी वाटते. कॅप्टन ॲडम डेव्हरिल स्पेनच्या मोहिमेत जखमी झालेला, पाय किंचित अधू. वडील अचानक मरतात आणि याच्या पदरात किताब पडतो, लिंकनशरमधली जुनी जमीन पडते आणि कर्जाचा डोंगर पडतो. ज्या ज्युलियावर जीव आहे तिला मागणी घालायची सोयच उरत नाही. मग ज्युलियाचेच वडील मध्यस्थ होऊन सांगतात: लंडनचा एक व्यापारी आहे, चॉली, अफाट श्रीमंत, बोलायला रांगडा, पोरीला उमरावाच्या घरी द्यायचंय. पोरीचं नाव जेनी. ठेंगणी, जाडसर, रूप बेताचं, तोंडातून शब्द निघायची मारामार. आपल्याकडच्या स्थळं बघण्यातून गेलेल्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

लग्न होतं. ॲडम जेनीशी कधी वाकडं बोलत नाही. नीट विचारपूस करतो, तिचे आभार मानतो. आणि ते सौजन्यच वाचकाच्या जिवाला लागतं, कारण त्याच्या मनात काय चाललंय हे इथं आपल्याला दिसत असतं. हेयरबाईंनी ऑस्टिनची युक्ती उलटी फिरवली आहे. नायकाच्या मनात आपण आहोत. झाकलेली आहे ती नायिका. जेनीचं ॲडमवर लग्नाआधीपासून प्रेम आहे. वाचकाला याचा सुगावा लागतो, त्याला लागत नाही. ती ते सांगत नाही, कारण सांगितलं तर त्याच्यावर आणखी एक ओझं पडेल. सासऱ्याच्या पैशाचं काय कमी आहे? ज्युलिया सगळं बोलून दाखवते, रडते, मोडून पडते. जेनी त्याला काय खायला आवडतं ते लक्षात ठेवते, पडक्या घराची घडी बसवते, त्याच्या शेतीच्या गप्पा ऐकते. गहू, सलगम, पाण्याचा निचरा. सलगमच्या पिकावर बोलणारा नवरा आणि लक्ष देऊन ऐकणारी बायको यांतून प्रेमकथा उभी करायची म्हणजे लेखिकेचा स्वतःवर केवढा विश्वास हवा!

कथेचा कळसही मागणी घालण्याचा नाही, शेअर बाजाराचा आहे. 18 जून 1815 ला वॉटर्लूची लढाई झाली. विजयाचा अधिकृत खलिता घेऊन मेजर पर्सी लंडनला पोचला तो 21 तारखेच्या रात्री. मधल्या दिवसांत शहरात पराभवाच्या अफवा होत्या आणि सरकारी रोख्यांचे भाव पडत होते. सासरा ॲडमला सांगतो, असतील नसतील ते रोखे विकून टाक. ॲडम वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला. तो मनाशी ठरवतो की हा माणूस हरणार नाही, आणि विकायचं सोडून उसन्या पैशावर आणखी रोखे घेतो. कुणाशी चर्चा नाही, बढाई नाही. पैसा करणं हे सासऱ्याचं राज्य. तिथं जाऊन तो पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभा राहतो. उपकाराखाली दबलेल्या माणसाला कौतुकाचे शब्द सुचत नाहीत. तो मिंधेपणा गेल्यावर ॲडमला बायकोकडे नीट बघता येतं, हे हेयरबाईंनी फार बारकाईनं ओळखलंय.

आणि ज्याच्यावर ॲडमनं पैसे लावले, तो वेलिंग्टन सेनापती म्हणून पहिली मोठी लढाई लढला कुठं? 23 सप्टेंबर 1803 ला आत्ताच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. ऑस्टिनचा कर्नल ब्रँडन, फ्लॅनेलचा गरम अंगरखा घालणारा पस्तिशीचा अबोल गृहस्थ, हाही पूर्वेकडे नोकरी करून आलेला. त्याच्या तिथल्या गोष्टींत मोहरा आणि पालख्या असणार अशी टिंगल विलोबी करतो. या दिवाणखान्यांतल्या काश्मिरी शाली इथल्या, काहींची साखर वेस्ट इंडीजच्या गुलामांनी पिकवलेली. गुलामांचा व्यापार ब्रिटननं 1807 मध्ये बंद केला, गुलामगिरी मोडायचा कायदा व्हायला 1833 उजाडलं. भला नायक या बाबतीतही गप्पच असतो, आणि ही गप्प बसण्याची तऱ्हा संयमाची म्हणता येत नाही. हेयरबाईंचे पूर्वग्रह तर उघड आहेत: ‘द ग्रँड सोफी’तल्या ज्यू सावकाराचं चित्रण आज वाचवत नाही, आणि ती कादंबरी 1950 मध्ये, म्हणजे महायुद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर आली होती. वाचताना हे खटकतं. खटकावंच. पण म्हणून मी पुस्तक मिटत नाही.

‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’च्या शेवटावर वाचकांत दोन तट आहेत. एकांचं म्हणणं, ॲडमला अखेर जेनीवर प्रेम जडलं. दुसऱ्यांचं म्हणणं, त्याला तिची सवय झाली आणि लेखिकेनं सवयीला प्रेमाचा मुलामा दिला. ज्युलियाबद्दल जे वाटत होतं ते जेनीबद्दल वाटलेलं नाही, हे तो स्वतःही जाणून आहे आणि जेनीही. माझं मत पहिल्या तटाकडे झुकतं, पण त्याला कारण ॲडमची शेवटची वाक्यं नाहीत. ती थोडी घाईची आहेत. कारण असं की पुस्तकाच्या उत्तरार्धात चांगली किंवा वाईट, कुठलीही बातमी आली की ती आधी जेनीला सांगावी असं त्याला वाटायला लागतं, आणि हे त्याच्या लक्षात यायच्या बरंच आधी वाचकाच्या लक्षात आलेलं असतं. दुसऱ्या तटातल्यांनी पुन्हा एकदा वाचावं आणि या वेळी ज्युलियाची पानं भराभर उलटावीत.